बोट वर आहे तोवर

हा अंक हाती पडेल तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या बहुतेक बोटी पाण्याबाहेर असतील. शाकारणी उरकलेली असेल, तळ घासून रंगाची तयारी चालली असेल, इंजिनाचे हेड खोलून मिस्त्री बसला असेल. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी-बंदीच्या ६१ दिवसांत कशाकशावर खर्च करायचा ते नाखव्याला तोंडपाठ असते: रंग, झिंक, शाफ्टचे बेअरिंग, पंखा, बॅटऱ्या, जाळ्यांची डागडुजी. विजेपासून बचावाची सोय या यादीत क्वचितच दिसते. ती या वर्षी यादीत चढावी, एवढ्यासाठी हे संपादकीय. काम तळाला भोक पाडण्याचे आहे आणि ते रंगाचा डबा उघडण्याआधी व्हावे लागते, म्हणून विषय जूनच्या अंकात घेतला.

वादळवाऱ्याच्या मोसमात बोट किनाऱ्यालाच असते, मग विजेची भीती कसली, असे बंदरात ऐकू येते. हा हिशेब चुकीच्या महिन्यांवर बेतलेला आहे. जुलैत कोकणावर जे ढग धो धो ओततात त्यांत विजा त्या मानाने कमी असतात. ढगात विद्युतभार साठायला जोराने वर चढणारी हवा लागते, गोठणपातळीच्या वर हिमकण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटाव्या लागतात. तसे उंच ढग उठतात ते एप्रिल-मेच्या वळवात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. हस्ताच्या पावसाची ख्याती कोकणात कोणाला सांगायला नको. त्या दिवसांत दुपारी सह्याद्रीवर ढग चढतात आणि वरच्या थरातला पूर्वेचा वारा त्यांना संध्याकाळी किनारा ओलांडून समुद्रावर आणतो. या दोन्ही मोसमांत आपल्या बोटी समुद्रात असतात; ऑक्टोबरात तर हंगाम ऐन भरात असतो. बंदी आहे ती लाटांसाठी आणि माशांच्या विणीसाठी. विजेच्या दिवसांशी तिचा मेळ नाही.

जमिनीच्या मानाने समुद्रावर विजा कितीतरी कमी पडतात, हेही खरे. पण सपाट पाण्यावर चहूबाजूंनी नजर पोहोचेल तिथवर आपल्या डोलकाठीइतके उंच दुसरे काही नसते. अमेरिकेतील बोट-विम्याच्या दाव्यांवरून तिथे हजार बोटींमागे वर्षाला साधारण एक बोट विजेच्या तडाख्यात सापडते, असा हिशेब मांडला जातो. त्या बऱ्याचशा हौशी बोटी. एरवी धक्क्याला बांधलेल्या, आजूबाजूला डोलकाठ्यांची दाटी. आपली बोट ४० वाव पाण्यात एकटी उभी असते.

वीज पडते तेव्हा साधारण ३०,००० अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात उतरतो. एखाद्या विजेत तो लाखाच्या वर जातो. त्याला पाण्यापर्यंत जायचे असते आणि तो जातोच. वाट आखून दिली असेल तर तिच्यावरून, नसेल तर जे सापडेल त्यातून. आपल्या नेहमीच्या बोटीवर त्याला काय सापडते ते पाहा. केबिनवर लोखंडी पाइपची डोलकाठी, तिच्यावर व्हीएचएफचा अँटेना, जीपीएसची टोपी, दिवे. डोलकाठीचा पाय केबिनच्या लाकडी किंवा फायबरच्या छतावर बोल्टांनी आवळलेला, आणि तिथे धातू संपतो. खाली दीड-दोन मीटरवर इंजिन, विंच, डिझेलची टाकी, सुकाणूची साखळी. मधली फट प्रवाह उडी मारून ओलांडतो. त्या फटीत माणूस असेल तर तोही वाटेचा एक तुकडा होतो.

पुढे तळाची पाळी. इंजिनापर्यंत आलेला प्रवाह शाफ्टवरून पाण्यात उतरला तर नशीब. तिथेही बेअरिंगमध्ये ठिणग्या उडून त्याच्या पृष्ठावर खड्डे पडतात. बाकीचा प्रवाह सीकॉकमधून, इको साउंडरच्या ट्रान्सड्यूसरमधून किंवा सरळ फायबर फोडून पाणपातळीच्या आसपास बाहेर पडतो. ही छिद्रे मोठी असतातच असे नाही. पुष्कळदा ती रंगाखाली दिसतही नाहीत. वीज पडल्यावर सगळे खलाशी सुखरूप आहेत म्हणून सुस्कारा टाकावा आणि चार तासांनी इंजिनाखाली पाणी लागावे, असा हा प्रकार असतो. लाकडाचे वेगळे. विजेच्या वाटेवरचे तापमान ३०,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाते, फळीतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि फळी आतून फुटते.

पोलादी बोटीला ही चिंता फारशी नसते, कारण तिचा सगळा सांगाडाच प्रवाहाची वाट असतो. मोठ्या जहाजांच्या जगात विजेची चर्चा थंडावली ती लोखंडी जहाजे आल्यावर. त्याआधी ती चांगलीच तापली होती आणि त्या वादातून आपल्या गोद्यांना आजही शिकता येण्यासारखे आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर फ्रँकलिनने वीजवाहकाची कल्पना मांडली. पुढे ब्रिटिश नौदलाच्या जहाजांना तांब्याच्या कड्यांची साखळी मिळू लागली. आभाळ भरून आले की ती पेटीतून काढायची, डोलकाठीच्या टोकाला चढवायची आणि खालचे टोक पाण्यात सोडायचे. कागदावर ठीक होते. सोसाट्याचा वारा सुटल्यावर खलाशांनी शिडे आवरायची की साखळी चढवायची? साखळी पेटीतच राही आणि डोलकाठ्या फुटत. शिवाय नेमक्या त्या वेळी डोलकाठीवर माणूस चढवणे म्हणजे त्याला विजेच्या तोंडी देणेच होते. प्लिमथचे एक डॉक्टर, विल्यम स्नो हॅरिस, यांनी १८२० च्या सुमारास वेगळा विचार मांडला. तांब्याच्या पट्ट्या डोलकाठीतच खाच पाडून कायमच्या बसवायच्या, खाली कण्यापर्यंत आणि तिथून तळाला मढवलेल्या तांब्याच्या पत्र्यापर्यंत न्यायच्या. ऐनवेळी कोणी काही चढवायचे नाही, काही आठवायचे नाही.

नौदलाने वीसेक वर्षे चालढकल केली. असा वाहक उलट वीज ओढून घेईल, हा एक मोठा आक्षेप होता. हॅरिस यांनी जहाजांच्या रोजनिशा चाळल्या आणि वीज पडलेल्या जहाजांची जंत्रीच तयार केली: कुठले जहाज, कुठली डोलकाठी, किती माणसे. १८३१ साली डार्विनला घेऊन निघालेल्या ‘बीगल’वर त्यांची पद्धत बसवलेली होती. पाच वर्षांच्या त्या सफरीत जहाजावर वीज कोसळूनही इजा झाली नाही. १८४० च्या दशकात नौदलाने हार मानून पद्धत स्वीकारली, १८४७ मध्ये हॅरिस यांना ‘सर’ हा किताब मिळाला. थोड्याच दशकांत जहाजे लोखंडाची झाली आणि प्रश्न आपोआप मिटला. तो परत आला फायबरबरोबर. फायबरची बोट हलकी, न कुजणारी, दुरुस्तीला सोपी. तिचे गुण आम्ही याच पानांतून वेळोवेळी सांगितले आहेत. पण विजेच्या बाबतीत तिने आपल्याला हॅरिसच्या आधीच्या काळात नेऊन ठेवले, तेही तळाला तांब्याचा पत्रा नसताना. आणि आपले उपायही त्या पेटीतल्या साखळीच्याच जातीचे आहेत. आभाळ काळवंडले की अँटेना आडवा करा, मेन स्विच पाडा, देवाचे नाव घ्या.

वीज ओढून घेण्याचा आक्षेप आजही गोदीत भेटतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. वीज कुठे पडणार हे ढगातून खाली उतरणारी वाहिनी शेवटच्या काही दहा मीटरांत ठरवते आणि तिथे प्रामुख्याने उंची बोलते. लोखंडी डोलकाठी आधीच उभी आहे. तिच्या पायापासून पाण्यापर्यंत तांबे नेल्याने तिची उंची वाढत नाही. पडलेल्या विजेला जायला जागा मिळते, एवढाच फरक. उलट बाजूने, डोलकाठीच्या टोकाला तारांचा ब्रश लावला की भार हवेत विरून जातो आणि वीज पडतच नाही, असे सांगून विकली जाणारी उपकरणे आहेत. हा दावा प्रयोगांत टिकलेला नाही. तेच पैसे तांब्यात घाला.

आता प्रत्यक्ष काम. हा भाग गोदीतल्या मिस्त्रीला वाचून दाखवा. सर्वांत वर धातूची सळई हवी, अँटेना-दिव्यांपेक्षा किमान १५ सेंटीमीटर उंच. व्हीएचएफचा फायबरचा अँटेना ही सळई नव्हे; त्याच्या आतली बारीक तार पहिल्याच झटक्यात वाफ होऊन जाते. डोलकाठी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची असेल तर तीच वाहक. लाकडी असेल तर तिच्यावरून तांबे खाली आणा. डोलकाठीच्या पायापासून तळापर्यंत सुमारे २० चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची केबल किंवा तेवढ्याच छेदाची पट्टी न्या, होता होईल तितकी सरळ. वळण द्यावेच लागले तर त्याची त्रिज्या २० सेंटीमीटरपेक्षा कमी नको. काटकोनात वळवलेल्या तारेतून प्रवाह वळत नाही, कोपऱ्यावरून उडी मारतो. सांधे बोल्टने आवळलेले हवेत. नुसत्या डाखावर भरवसा ठेवू नका, डाख वितळतो. खलाशी झोपतात त्या फळ्यांपासून ही वाट लांब ठेवा.

खाली, कायम पाण्यात राहील अशा जागी, साधारण फूटभर चौरसाची तांब्याची किंवा ब्राँझची पट्टी, ५ मिलिमीटर जाडीची. खाऱ्या पाण्यासाठी परदेशी मानकांत हेच माप सांगितलेले आहे. प्रवाह पट्टीच्या पृष्ठभागापेक्षा तिच्या कडांतून अधिक उतरतो, म्हणून कडा फायबरमध्ये बुजवू नका. तिच्यावर रंग मारू नका. ही सूचना सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त मोडली जाणारी. तळ रंगवणारा पोऱ्या पट्टी आली की ब्रश थांबवत नाही. त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर पट्टीवर कागद चिकटवा. पंखा आणि शाफ्ट आहेतच की, वेगळी पट्टी कशाला, असे विचारले जाते. पंख्याचा पृष्ठभाग पुरेसा असतोही, पण तिथे जाणारा प्रवाह गिअरबॉक्स आणि बेअरिंगमधून जातो. पट्टीचा खर्च बेअरिंगच्या खर्चाशी ताडून पाहा.

नंतर जोडणी. उतरत्या वाहकापासून सहा फुटांच्या आत जे जे मोठे धातू आहे, विंच, डिझेलची टाकी, इंजिनाचा ठोकळा, लोखंडी कठडा, ते जाड तारेने याच वाटेला बांधून घ्या. मधली उडी यानेच थांबते, आणि माणूस वाचवायचा असेल तर ही जोडणी पट्टीइतकीच मोलाची आहे. इथे अनुभवी मिस्त्री हरकत घेईल आणि ती बरोबर आहे. तांबे, ब्राँझ, पोलाद असे वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एका तारेने जोडले की हलका धातू खाल्ला जातो. त्यावर उपाय झिंकचाच. झिंक याच जोडणीत घ्या, त्याचे वजन थोडे वाढवा आणि पहिल्या हंगामात एरवीपेक्षा लवकर तपासा. ॲल्युमिनियमचे काही पाण्यात असेल तर मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय तांबे जोडू नका.

खर्चाचा अंदाज तुम्हीच काढा. दहा मीटर केबलीत पावणेदोन-दोन किलो तांबे, फूटभराच्या पट्टीत चार किलोंच्या आसपास. सहा किलो तांब्याचा आजचा भाव विचारा आणि एका फेरीला लागणाऱ्या डिझेलच्या बिलाशेजारी लिहा.

एवढे करूनही सगळे झाकले जात नाही. १५ मीटरपर्यंतच्या डोलकाठीखाली संरक्षणाचा एक शंकू धरतात, ज्याची पायाशी त्रिज्या डोलकाठीच्या उंचीइतकी असते. केबिन मागे असलेल्या बोटीवर टोक पाण्यापासून ८ मीटर उंच असेल तर पाण्याच्या पातळीवर ८ मीटरपर्यंत आडोसा मिळतो. नाळेजवळ उभ्या असलेल्या खलाशाचे डोके पाण्यापासून ३ मीटरवर असते. त्या उंचीवर आडोसा ५ मीटरचाच उरतो. नाळ त्याच्या बाहेर. सोय असलेल्या बोटीवरही गडगडाट सुरू झाला की पुढे कोणी थांबायचे नाही.

यंत्रांचेही तसेच. ही व्यवस्था माणसे आणि तळ वाचवते, वायरलेस वाचवण्याची हमी देत नाही. शेजारच्या बोटीवर पडलेली वीजसुद्धा आपल्या वायरिंगमध्ये झटका उभा करते. वादळ लांब असतानाच अँटेनाची केबल सेटमधून काढून बाजूला ठेवा. हातातला व्हीएचएफ, एखादा जुना जीपीएस, एक मोबाइल घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. जुन्या पद्धतीचे यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन अशा झटक्यानंतर बहुधा चालत राहते. संगणकावर चालणारे नवे इंजिन घेताना कंपनीच्या माणसाला हा प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

धरणांवर मासेमारी करणारे आमचे वाचक उजनीपासून कोयनेच्या जलाशयापर्यंत पसरलेले आहेत. त्यांच्यासाठी वरचे माप अपुरे आहे. गोडे पाणी खाऱ्याच्या मानाने शेकडो पटींनी कमी वाहक असते, त्यामुळे पट्टीतून प्रवाह सहज उतरत नाही आणि बाजूला उड्या मारण्याचे प्रमाण वाढते. त्यांच्या लहान, बिनछपराच्या होड्यांवर बसवण्याजोगे काही नाहीच. त्यांनी आणि किनाऱ्यालगतच्या लहान होडीवाल्यांनी वेळेत काठ गाठणे हाच उपाय. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आकडा आला की दहा किलोमीटरच्या आत ढग आहे, पुढची वीज आपल्यावर पडू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास पुन्हा पाण्यात उतरू नये. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजांचा इशारा देते. धरणावर, खाडीत, किनाऱ्याजवळ ते उत्तम. मोबाइलची रेंज संपली की तेही संपते. तिथून पुढे तांडेलाचे डोळे आणि निघण्यापूर्वी वाचलेला हवामान खात्याचा इशारा.

खरी अडचण मात्र ढग ओळखण्याची नाहीच. पंचवीस वर्षे समुद्रावर काढलेल्या तांडेलाला कुठला ढग काय करणार हे कळते. जाळे पाण्यात आहे, लाखोंचे आहे, मासळी लागलेली आहे, आणि ढग उठला आहे. विंचची वायर हातात धरून उभे राहायची ही वेळ नव्हे, हे तो जाणतो. पण जाळे बोयाला बांधून सोडले आणि ते गेले तर बोलणी त्याला बसणार, आणि वाट्याचा हिशेब होईल तेव्हा सगळ्या खलाशांचे वाटे कापले जाणार. म्हणून तो विंच चालू ठेवतो. याचा निकाल नाखव्याने लावायचा आहे, समुद्रावर नव्हे, बंदर सोडण्याआधी आणि सगळ्या खलाशांसमोर: विजेच्या वेळी जाळे सोडले तर ते नुकसान वाट्यातून कापले जाणार नाही. एवढे एक वाक्य उच्चारायला तांब्याचा खर्चही नाही. आमच्या मते या संपादकीयातली सर्वांत अवघड सूचना हीच आहे.

गडगडाटात माणसांनी केबिनमध्ये यावे, खाली बसावे, धातूपासून अंतर ठेवावे. दोन धातूंच्या वस्तू एकाच वेळी धरू नयेत. सुकाणू धरणाऱ्याने दुसरा हात खिशात घालावा. पाय पाण्यात सोडून बसू नये. रबरी बुटांचा काही उपयोग नाही. काही किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला अर्ध्या इंचाचा रबर अडवत नाही.

वीज पडलीच तर आधी माणसे मोजा. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. नेमक्या याच गैरसमजात पहिली मोलाची मिनिटे जातात. ओरडणारा, भाजलेला माणूस बहुधा जगतो. जो निपचित आहे, श्वास घेत नाही, त्याच्याकडे आधी जा. विजेने त्याचे हृदय थांबलेले असते आणि छाती दाबत राहिल्यास ते पुन्हा चालू होण्याची शक्यता चांगली असते. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास, आणि थकलात तर माणूस बदलून, न थांबता. दुसऱ्याने तोवर व्हीएचएफच्या १६ नंबरवर मदत मागावी. रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. तिसऱ्याने तळ उघडून पाणी पाहावे, प्रत्येक सीकॉकला हात लावून पाहावे, आणि पुढचे काही तास पाहत राहावे. होकायंत्रावर लगेच विश्वास ठेवू नये, विजेनंतर ते खोटे बोलू शकते. बंदरात आल्यावर बोट वर ओढून तळ तपासल्याखेरीज पुढची फेरी नको.

छाती दाबणे वाचून येत नाही. सोसायट्यांनी या दोन महिन्यांत जवळच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एका दुपारी बोलवावे आणि प्रत्येक बोटीवरच्या किमान दोघांच्या हातून ते करून घ्यावे. अडचण एकच: जुलैअखेरीपर्यंत निम्मे खलाशी नेपाळात नाहीतर उत्तर प्रदेशात आपल्या गावी असतात. त्यांच्यासाठी दुसरी दुपार ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पहिली फेरी सुटण्याआधी धक्क्यावरच ठेवावी लागेल, आणि ती मराठीत ठेवून भागणार नाही.